मधुमेही रोगी आणि दूरचा डॉक्टर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हांला बोलावयास सांगितले तेव्हा चिटणीसांनी विषयही सोबतच दिला. ट्रस्टच्या इमारतीतली तळमजल्याची खोली रिकामी झाली आहे, महोत्सवी निधीत बरी रक्कम जमली आहे, आणि त्या खोलीत मधुमेही रोग्यांसाठी दूरवैद्यकाची सोय करावी असा एक ठराव विश्वस्तांपुढे आहे. दूरवैद्यक म्हणजे ज्याला सगळे टेलिमेडिसीन म्हणतात ते. रोगी एका गावी, डॉक्टर दुसऱ्या गावी, आणि दोघांची गाठ फोनवर किंवा पडद्यावर. ठरावासोबत खर्चाचा अंदाज जोडला आहे. त्यात भिंतीवरचा मोठा पडदा आहे, कॅमेरा आहे, संगणक आहे, खोली थंड ठेवण्याचे यंत्र आहे. "सर, एवढे सगळे घेतले आणि लोकच आले नाहीत तर?" असे चिटणीसांनी आम्हांला विचारले, आणि त्यावरच बोला म्हणाले.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी. ए., बी. एड. झालेले शाळामास्तर आहोत. घरी दखनी उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. ट्रस्टच्या रविवारच्या साखर तपासणीत नोंदवही लिहिण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. वही लिहिणारा माणूस टेबलाच्या टोकाला बसतो आणि डॉक्टरांना न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी त्याच्या कानावर पडतात. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्या कानाच्या आधारावर आहे, आणि थोडे वाचनाच्या.

आजाराचा आवाका प्रथम सांगून टाकू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. गोव्याचा आकडा सर्व राज्यांत मोठा निघाला, शंभरांत सव्वीसहून अधिक. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि आपल्यांतल्या निम्म्या घरांची सोयरीक तिकडची आहे. तेव्हा हा दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस आहे असे कोणी समजू नये.

आता, दूरवैद्यक सर्वच रोगांना सारखे लागू पडत नाही. पोटात दुखते म्हणणाऱ्याचे पोट हाताने दाबूनच पाहावे लागते. मधुमेहाची गोष्ट निराळी आहे. हा रोग आला की जन्मभराचा सोबती होतो. त्याला डॉक्टर पुष्कळ वेळा लागतो, पण दर वेळी थोडाच वेळ लागतो. शिवाय निर्णयाचा बराचसा भाग आकड्यांवर उभा असतो : उपाशीपोटी किती, जेवणानंतर दोन तासांनी किती, वजन किती, रक्तदाब किती. आकडा फोनवरून जसाच्या तसा पोहोचतो. कणकुंबी-जांबोटीकडचा माणूस पावसाळ्यात बेळगावला यायचे म्हणजे सगळा दिवस घालवतो. त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते, आणि रांगेत तीन तास बसून शेवटी ऐकायचे काय, तर "हेच चालू ठेवा, तीन महिन्यांनी या." एवढे वाक्य फोनवर ऐकता आले असते हे त्यालाही कळते.

कळते, तरी तो फोन करीत नाही. खरा प्रश्न तो आहे.

सोय नाही म्हणून करीत नाही असे म्हणावे तर सोय आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोयही तिच्यात आली. त्याच्या आदल्याच महिन्यात, २५ मार्च २०२० रोजी, डॉक्टरांनी फोनवर रोगी कसा पाहावा याचे नियम निघाले. तोवर डॉक्टरही बिचकत होते, कायद्यात बसते की नाही म्हणून. टाळेबंदीत नाइलाज होता तेव्हा पुष्कळांनी फोनवर गोळ्या लिहून घेतल्या. दारे उघडली आणि त्यांतले कितीतरी जण पुन्हा रांगेत जाऊन बसले. हे आम्ही आमच्या वहीतल्या माणसांविषयी बोलतो आहोत.

विचारले तर पहिले उत्तर ठरलेले असते : "आम्हांला मोबाईल कुठे येतो, सर!" हे उत्तर आम्ही फारसे मनावर घेत नाही. हीच आजी रात्री पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर अर्धा तास बोलते, मालिका पाहते आणि भजनी मंडळाचे निरोपही पाठवते. तिला मोबाईल येतो. तिला अनोळखी डॉक्टरशी मोबाईलवर बोलणे येत नाही, आणि ही निराळी अडचण आहे.

या बाबतीत विद्वानांनीही विचार केलेला आहे. १९८९ साली फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकी संशोधकाने कचेरीतली माणसे संगणक का वापरतात किंवा का वापरत नाहीत याचा अभ्यास केला आणि दोन गोष्टी पुढे मांडल्या. याचा मला उपयोग होईल असे वाटले पाहिजे, आणि हे मला जमेल असे वाटले पाहिजे. पुढे २००३ साली वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (डेव्हिस त्यांत होतेच) आणखी दोन गोष्टी जोडल्या : आपल्या मानण्यातली माणसे काय म्हणतात, आणि अडले तर मदतीला कोणी व काही आहे का. आम्हांला यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. कचेरीतल्या कारकुनाचे अडले तर फार तर पत्र उशिरा जाईल. मधुमेह्याचे अडले तर इन्सुलिनचा आकडा चुकेल. म्हणून तो आधी पाहतो, की या पडद्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला, कोण आहे?

याचे उत्तम उदाहरण तामिळनाडूत घडलेले आहे. चेन्नईहून सुमारे शंभर किलोमीटरवर चुनमपेट म्हणून गाव आहे. तिथल्या ४२ खेड्यांत २००६ साली चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने एक गाडी फिरवली. गाडीत डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र घेण्याचे यंत्र, पायांची संवेदना तपासण्याची साधने, आणि वर तबकडी. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या उपग्रहामार्फत ही छायाचित्रे चेन्नईला जात आणि तिथला तज्ज्ञ ती पाही. त्या खेड्यांत २७,०१४ प्रौढ माणसे होती. त्यांतल्या २३,३८० जणांनी तपासणी करून घेतली. शंभरांतले शहाऐंशी! आमच्या शाळेत पालकसभेला एवढी हजेरी कधी लागली नाही. गावातच एक लहानसा दवाखाना उघडला, आणि चेन्नईला पाठवावे लागले असे रोगी शंभरांत पाचही नव्हते. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी रक्ततपासणी असते, एचबीएवनसी, तिचा आकडा वर्षभरात सरासरीने ९.३ वरून ८.५ वर आला. आठ दशांश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण डोळे आणि मूत्रपिंड वाचविण्याच्या हिशेबात तो मोठाच आहे.

हे यश उपग्रहाचे असे वृत्तपत्री वाचनाने वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. गाडीत आणि दवाखान्यात काम करण्यासाठी त्याच भागातली मुले-मुली शिकवून तयार केली होती. पायाला मुंग्या येतात हे सांगायचे ते परक्या साहेबाला सांगायचे नव्हते, शेजारच्या गल्लीतल्या मुलीला सांगायचे होते. तिने पायाला हात लावला, तिने यंत्र लावले, मग पडद्यावर डॉक्टर आला. डॉक्टर दूरचा, पण त्याची ओळख करून देणारा माणूस जवळचा. ई-संजीवनीतही हेच दिसते. तिच्यात दोन मार्ग आहेत. एकात रोगी घरून स्वतः डॉक्टरशी बोलतो, दुसऱ्यात आरोग्य केंद्रातली कर्मचारी रोग्याशेजारी बसून डॉक्टरशी गाठ घालून देते. २०२३ च्या फेब्रुवारीत या सेवेतील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली, तेव्हा त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक या दुसऱ्या मार्गाचे होते.

आता रोग्याच्या मनात काय असते ते जरा जवळून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे बोलणी खाण्याची भीती. आमच्या तपासणीला एक सेवानिवृत्त कारकून येत. अक्षर मोत्यासारखे. घरच्या यंत्रावर साखर मोजून ते तारीखवार वहीत लिहीत : ११२, ११८, ११५, १२०, ११४. महिना महिना असाच. वर्गात बत्तीस मुलांच्या वहीत एकच उत्तर आले की मास्तरला जे कळते ते आम्हांला कळले, पण आम्ही गप्प बसलो. पुढे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली आणि आकडा दहा निघाला. रक्तातल्या तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या काळात तिला चिकटलेली साखर कोणाच्या वहीप्रमाणे चालत नाही. बाहेर आल्यावर ते आम्हांला म्हणाले, "सर, खरा आकडा लिहिला की डॉक्टर सर्वांदेखत ओरडतात. मागच्या खेपेला सून बाहेर बसली होती. ह्या वयात सुनेदेखत ऐकून घ्यायचे म्हणजे..."

छडीची भीती असली की मूल चुकलेले गणित दाखवीत नाही, पुसून टाकते. वीस वर्षे खडू हातात धरल्यावर आम्हांला याचे नवल वाटत नाही. याच गृहस्थांना पुढे त्यांच्या भाच्याने दुसऱ्या एका डॉक्टरांशी फोनवर जोडून दिले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी धीर करून तीनशेचा आकडा सांगितला. पलीकडून आवाज आला, "बरे झाले सांगितलेत. काल संध्याकाळी काय जेवलात?" झाले एवढेच. त्यानंतर ते दर सोमवारी स्वतःहून फोन करू लागले. फोनवर खोटे बोलणे सोपे असते असे लोक म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण खरे बोलणेही सोपे असते, कारण सून ऐकत नसते आणि चेहरा लपलेला असतो. यांतले काय घडेल ते पलीकडच्या पहिल्या वाक्यावर ठरते. कोणते डॉक्टर नेमायचे हे विश्वस्त ठरवतील तेव्हा पदव्यांबरोबर हेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

दुसरी गोष्ट, हाताचा स्पर्श. "हात लावून बघितले नाही तर कसला डॉक्टर!" असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना शिकलेली मंडळी हसतात. आम्ही हसत नाही. मधुमेह्याच्या पायाला जखम होते आणि त्याला ती कळत नाही, म्हणून पाय कोणीतरी पाहिलाच पाहिजे. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा यंत्राखाली गेलाच पाहिजे. छातीत दुखले, श्वास लागला, साखर चढून उलट्या सुरू झाल्या, माणूस बरळू लागला, तर फोन न करता थेट इस्पितळ गाठले पाहिजे. सरकारी नियमातही फोनवर भागते की समक्ष पाहावे लागेल हा निर्णय डॉक्टरवर सोपविला आहे. तेव्हा पहिली भेट समोरासमोर, मधल्या भेटी फोनवर, आणि वर्षातून निदान एकदा पाय, डोळे, मूत्रपिंड यांची समक्ष तपासणी, असे स्पष्ट सांगितले की म्हातारा राजी होतो. त्याला भीती असते ती फोनवर टाकून विसरले जाण्याची. पुन्हा भेट आहे हे कळले की फोन त्याला परका राहत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण कुटुंबे बसलेली आहेत म्हणूनच सांगतो. आपल्या घरांतल्या पुष्कळ बायकांचा फोन त्यांचा नसतो. तो मुलाच्या खिशात असतो, किंवा यजमानांच्या. डॉक्टरचा फोन आला की सगळे घर ऐकते. लघवीच्या जागी खाज येते हे मधुमेहाचे नेहमीचे लक्षण आहे. ते मुलाच्या फोनवर, मुलासमोर कोणती आई सांगेल? आणि जिला बाराव्या-तेराव्या वर्षीच इन्सुलिन सुरू झाले अशी मुलगी घरात असेल तर आईबाप तिचा आजार शेजाऱ्यांपासूनही लपवतात, लग्नाचे काय या काळजीने. अशा मुली आमच्या वर्गात बसल्या आहेत आणि इतरांपेक्षा कुठेही कमी पडलेल्या नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो. अशा बायकामुलींसाठी घरातल्या फोनपेक्षा बाहेरची एक खोली, जिचे दार लागते आणि जिथे एक बाई बसलेली आहे, ती अधिक मोकळी. २०२३ च्या सरकारी निवेदनात ई-संजीवनीचा लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून अधिक स्त्रिया असल्याचे सांगितले होते. ते वाचून आम्हांला आश्चर्य वाटले नाही.

भाषेविषयी बोललेच पाहिजे, कारण आपल्या गावात तो विषय कोणीही बोलला तरी लोक कान टवकारतात. आम्हांला त्यातले राजकारण बोलायचे नाही. समोरासमोर असताना अर्धे काम हाताने, तोंडाने, खुणेने भागते. फोनवर शब्दच उरतो. कानडी डॉक्टर "सक्करे कायिले" म्हणतात, आम्ही घरी शक्कर की बीमारी म्हणतो, मराठीत साखरेचा रोग किंवा नुसती शुगर, आणि इथवर सगळ्यांचे सगळ्यांना कळते. घोटाळा पुढे होतो. एका रविवारी तपासणीच्या टेबलाशेजारीच एक बाई फोनवर डॉक्टरशी बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आज शुगर कमी झाली." पलीकडून उत्तर आले, "छान, असेच ठेवा." फोन संपला. शुगर कमी होणे ही आपल्या बोलण्यात चांगली बातमी असते ना! मदतीला आलेल्या परिचारिकेचे लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेले. "मामी, तुम्हांला एवढा घाम का आला?" हात थरथरत होते. बोटाला टोचून पाहिले तर ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका. तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजली, मग खायला दिले. डॉक्टर वाईट नव्हते, बाईही अडाणी नव्हत्या. पण त्या दिवशी शेजारी परिचारिका नसती तर दोन्ही बाजूंची भली माणसे समाधानाने फोन ठेवून मोकळी झाली असती. आमच्या मते फोनवर "शुगर कमी, शुगर जास्त" हे शब्दच वापरू नयेत. आकडा सांगावा, आणि उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा तेवढे सांगावे. मराठीतून, कानडीतून आणि दखनीतून सांगता येईल असे एक साधे पान आम्ही तयार करून देऊ.

उपवासाविषयी रोगी डॉक्टरांशी जेवढे लपवतात तेवढे कशाविषयीच लपवीत नसतील. आमच्या मोहल्ल्यात रमजान जवळ आला की मधुमेही माणसे दवाखान्यात जाणेच टाळतात. डॉक्टर "रोजे ठेवू नका" म्हणणार हे ठाऊक असते, आणि रोजे तर ठेवायचेच असतात. मग गोळ्यांची वेळ प्रत्येक जण आपल्या मनाने लावतो. याविषयी जागतिक पातळीवरच्या मधुमेह संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत सांगितले आहे की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावे. कोणाला रोजा चालेल आणि कोणाला मुळीच चालणार नाही ते आधी ठरवावे. रोजात बोटाला टोचून साखर मोजल्याने रोजा तुटत नाही. आणि साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडावा. ही चर्चा फोनवर फार चांगली होते, कारण अडचण सहरीच्या आधी आणि इफ्तारनंतर येते, दवाखान्याच्या वेळेत येत नाही. ज्या डॉक्टरने एकदा "ठेवा, पण मला दुपारचा आकडा कळवा" म्हटले, त्याच्याकडे पुढच्या वर्षी चार घरे जास्त गेली. तीच गोष्ट एकादशीची. साबुदाण्याची खिचडी, रताळे, बटाटा खाऊन दुसऱ्या दिवशी साखर का चढली म्हणून लोक यंत्राला दोष देतात! आणि आषाढीला पायी जाणारा वारकरी, ज्याची इन्सुलिनची कुपी पिशवीत आहे आणि रोजची चाल कित्येक मैलांची आहे, त्याला तर वाटेवरून फोन करता येणे हा मोठाच आधार आहे. श्रद्धेच्या बाबतीत डॉक्टर आपल्याला समजून घेतो असे वाटले की माणूस फोन उचलतो.

पैशाविषयी थोडेच. सल्ला फुकट असला तरी साखर मोजण्याच्या पट्ट्या फुकट नसतात. पट्टी संपली की आकडा नाही, आणि आकडा नाही तर फोनवर बोलायचे काय? सल्ल्यासाठी फोन न करणाऱ्यांत अशी माणसे आम्हांला पुष्कळ भेटली. त्यांना लाज वाटते, म्हणून ती "वेळ झाला नाही" म्हणतात.

फसवणुकीची भीतीही आहे, आणि ती वाजवी आहे. फोनवर गोड बोलून बँकेतून पैसे काढून नेल्याच्या गोष्टी घरोघरी झाल्या आहेत. मग डॉक्टर म्हणून कोणी बोलले तर विश्वास कसा ठेवावा? नियमाप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दिलाच पाहिजे. रोग्याने स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. दुसऱ्याने लावला तर ती विचारून घ्यावी लागते. हे लोकांना कोणी सांगतच नाही. ट्रस्टच्या नावाचा एकच क्रमांक असावा, तो फळ्यावर लिहावा, आणि त्यावरून कोणीही कधीही बँकेचा किंवा मोबाईलवर आलेला आकडा विचारणार नाही असे त्याच फळ्यावर लिहावे.

शेवटी ठरावाकडे येतो. पहिला फोन ठरल्या वेळी लागला, दुसऱ्या वेळी तोच डॉक्टर बोलला आणि त्याला मागचे आठवत होते, तर माणूस तिसऱ्यांदा येतो आणि येताना शेजारणीला घेऊन येतो. पहिलाच फोन तासभर वाट पाहायला लावून गेला तर ती बातमीही तितक्याच वेगाने गल्लीभर फिरते. म्हणून खर्चाच्या अंदाजातला मोठा पडदा काढून टाकावा असे आमचे स्पष्ट मत आहे. हातात मावणारा एक बरा फोन किंवा लहान संगणक पुरे. त्या पैशांत मराठी आणि कानडी दोन्ही नीट बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी निदान दोन वर्षे पगारावर ठेवता येते का ते खजिनदारांनी पाहावे. तिच्याजवळ वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, साखरेचे यंत्र आणि पट्ट्यांचा साठा असावा. पाय तिने पाहावेत. ज्याचा फोन ठरल्या दिवशी आला नाही त्याला तिने स्वतः फोन करावा. ज्यांना फोन नकोच आहे, समक्षच जायचे आहे, त्यांना आग्रह करू नये. त्यांची साखर मोजून, कागदावर लिहून, त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ द्यावे. एका विश्वस्तांनी आम्हांला खाजगीत विचारले, की पगार हा दर महिन्याचा खर्च, पडदा एकदाच घ्यायचा, आणि पडद्यावर देणगीदारांचे नावही लिहिता येते. ते खरे आहे. नाव वजनकाट्यावर लिहावे, म्हणजे रोज कितीतरी लोक ते खाली वाकून वाचतील.

खोली नवाला उघडावी असे ठरावात आहे. खानापूर भागातून उपाशीपोटी येणाऱ्याला नऊ म्हणजे फार उशीर होतो. साडेसातला कुलूप निघावे. रक्त दिल्यावर त्याला बसून डबा खाता येईल असे एक बाकही व्हरांड्यात हवे. आमच्या शाळेत जुनी बाके पडून आहेत. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे, दोन मिळतील. न्यायला हातगाडी तेवढी ट्रस्टने पाठवावी.